जव्हार-मोखाड्यातला संगणक : बोटे वळली, अक्षरे अडली

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे बंद झाले. जव्हारमध्ये ज्या खोलीत मी अजूनही आठवड्यातून तीन दिवस मुलांना शिकवायला बसतो, तिथे सहा संगणक आहेत आणि सहाही जुने आहेत. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप त्यांतल्या एकातही नाही. परवा माझी जुनी विद्यार्थिनी, जी आता ती खोली चालवते, मला म्हणाली, "सर, आता परत सगळं बदलायचं का?"

तिच्या 'परत' या शब्दापाशी मी थांबलो. तेवीस वर्षांत या गावात हा प्रश्न मला चौथ्यांदा विचारला जातो आहे. प्रत्येक वेळी विचारणारे वेगळे होते, यंत्रे वेगळी होती, आणि माझे उत्तरही वेगळे होते. त्यांपैकी एक उत्तर चुकले. त्या चुकीची किंमत अजून फिटलेली नाही, म्हणूनही हा लेख.

आपल्याकडे संगणकाचा इतिहास पुण्या-मुंबईच्या संस्थांचा आणि कंपन्यांचा म्हणून लिहिला जातो. तालुक्याच्या गावात एक प्रणाली जाऊन दुसरी आली तेव्हा माणसांनी काय केले, कोणत्या युक्त्या शिकल्या आणि कशाला मुकली, याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. माझ्याजवळ क्लासच्या हजेरीवह्या आहेत, दुरुस्तीच्या नोंदींची एक लांबट वही आहे, आणि एक शब्दयादी आहे. यादीविषयी पुढे सांगतो.

*

मी २००२ साली जव्हारला आलो. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. इथली नगरपालिका १९१८ ची आणि संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १९४८ मध्ये. मोखाडा तालुका त्याच्या पूर्वेला, नाशिकच्या बाजूचा. दोन्ही तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि साध्या कागदासाठी ठाण्याला जायचे म्हणजे एक पूर्ण दिवस मोडायचा.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ ची, आणि त्यांचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम त्या सुमारास गावोगावी पोचू लागला होता. सरकारी नोकरीला संगणकाचे प्रमाणपत्र लागते हे कळल्यावर शिक्षक, ग्रामसेवक, कारकून आणि नोकरी शोधणारी पोरे अशी सगळी वर्गात येऊन बसली. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या दृष्टीने संगणक म्हणजे विंडोज. त्या शब्दाशिवाय दुसरी प्रणाली असते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नीटसे नव्हते.

आमच्याकडे विंडोज ९८ होते. त्या प्रणालीची इथली पहिली गाठ पडली ती विजेशी. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसे, आणि पावसाळ्यात तर वेळापत्रकाचाही उपयोग नसे. वीज आली की संगणक चालू व्हायचा, निळा पडदा यायचा आणि इंग्रजीतून समज द्यायचा की तुम्ही संगणक नीट बंद केला नाही, हा संदेश पुन्हा नको असेल तर यापुढे स्टार्टवर जाऊन बंद करत चला. एका ग्रामसेवकाने तो वाचून घेतला आणि म्हणाला, "याला सांगा, वायरमनला फोन कर म्हणावं." त्यानंतर डिस्कची तपासणी सुरू व्हायची आणि त्यात पाव तास जायचा. म्हणून आमच्या वर्गातली पहिली शिकवण्याची गोष्ट माउस नव्हती, ती होती कंट्रोल आणि एस. दोन ओळी लिहा, कंट्रोल-एस दाबा. पंखा मंद झाला, कंट्रोल-एस दाबा. पुढे ही मुले कुठल्याही यंत्रावर बसली तरी डाव्या हाताची ती दोन बोटे आपोआप वळत.

पुढे एक्सपी आले, तेव्हा पहिल्यांदा तो प्रश्न आला: "सर, आता परत पहिल्यापासून शिकायचं का?" मी 'नाही' म्हणालो आणि ते बरोबर निघाले. याचे कारण त्या छोट्या युक्त्यांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास मला पुढे कितीतरी वर्षांनी समजला.

कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाच्या लेखन-प्रोग्रॅममध्ये बसवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. तिथे १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिन्टॉश या यंत्रांवर झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा ठरल्या. चारही खालच्या ओळीत शेजारी शेजारी, डाव्या हाताखाली, म्हणजे उजवा हात माउसवर मोकळा. विंडोजने सुरुवातीला आयबीएमच्या वळणाने इन्सर्ट आणि डिलीट या कळांवर भर दिला होता. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही रुळले. लिनक्सच्या पडद्यांनीही तेच उचलले. नाव बदलायला एफ-२, एका खिडकीतून दुसरीत जायला ऑल्ट-टॅब, हेही असेच एका घरातून दुसऱ्या घरात गेले. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही त्रिकळी १९८१ च्या सुमारास आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी यंत्र झटपट पुन्हा सुरू करता यावे म्हणून बसवली. एका हाताने चुकून दाबली जाऊ नये म्हणून कळा मुद्दाम दूर ठेवल्या. आमच्या गावात मात्र ती अडलेल्या यंत्राची शेवटची मात्रा म्हणून सर्वांना पाठ होती.

म्हणजे कंपन्या बाजारात एकमेकींशी भांडत होत्या, पण कळांच्या बाबतीत मुकाट्याने एकमेकींचे उचलत होत्या. जव्हारच्या मुलाला त्याचा फायदा न कळता मिळाला.

*

अक्षरांचे तसे झाले नाही.

माझे मराठी टंकलेखन नाशिकला टाइपरायटरवर झाले. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि मराठी यंत्रांवर ज्या क्रमाने अक्षरे होती तो क्रम कचेऱ्यांमधल्या टंकलेखकांच्या बोटांत मुरला. त्या यंत्रावर अक्षर म्हणजे तुकडे: अर्धा 'प', मग काना, मग वेलांटी. पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी येते.

संगणकावर दुसरा विचार आधीच झाला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. त्यातून जिस्ट नावाचे कार्ड निघाले, जे संगणकात बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर भारतीय लिपी उमटत. त्यामागे इस्की नावाची सांकेतिक पद्धत होती. तिचे प्रमाणित रूप १९९१ चे. तिच्यातला मुद्दा साधा होता. यंत्राने अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवावे: आधी 'क', मग पहिली वेलांटी. पडद्यावर ती कुठे दिसेल ते दाखवणाऱ्याने पाहावे. याच विचाराचा इनस्क्रिप्ट नावाचा कळफलकही तयार होता, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला १२८ जागांचा गाळा दिला, तो इस्कीच्याच मांडणीवर.

शास्त्र असे तयार असताना बाजारात दुसरेच चालले. विंडोज ९८ ला देवनागरी येत नव्हती. मग मराठी छपाईसाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँट आले, आणि त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवले. यंत्राच्या मते तुम्ही इंग्रजीच लिहीत होता. फक्त चित्र मराठीचे दिसे. कुठल्या जागी कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, शाळेचे दाखले हे सगळे त्यात सुरेख छापून निघे, आणि छापून निघे तोवर कुणाची तक्रार नव्हती. टाइपरायटरवाल्यांना तर ते सोयीचेच, कारण तुकडे मारायची सवय तशीच चालू राहिली.

मीही तेच केले. इथे माझी चूक सुरू होते.

*

मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर एक वारली आजी होत्या. नागलीच्या वाणांची नावे, मासे धरायच्या साधनांची, पावसाच्या प्रकारांची, बोहाड्यातल्या सोंगांच्या सामानाची नावे त्या सांगत आणि मी पेन्सिलीने वहीत उतरवून घेत असे. वारलीला स्वतःची लिपी नाही. देवनागरीतच लिहावे लागते. बोलीत कुठे 'ळ' टिकतो, कुठे त्याचा 'ल' होतो, 'र' कुठे गिळला जातो, हे मी जमेल तितके काळजीने नोंदवत होतो. दोन उन्हाळे गेल्यावर ६१२ शब्द झाले. २००४ च्या दिवाळीत मी ते वर्गातल्या संगणकावर टंकित केले, एका विकतच्या फाँट-संचात. त्या संचासोबत एक कुलूप येई, बोटभर लांबीचे, प्रिंटरच्या जोडणीत मागे खोचायचे. ते असेल तरच लिहिता येई.

टंकित झाल्यावर मी मूळ वहीकडे दुर्लक्ष केले. २००५ च्या पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपले आणि वहीची पाने एकमेकांना चिकटून लगदा झाली. वाईट वाटले, पण फार नाही. संगणकात होते ना. आजी २००७ मध्ये गेल्या.

*

आता दुसऱ्या बदलाची गोष्ट, जिची मला अजूनही मजा वाटते.

लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्यावर उभी राहिलेली उबुंटू ही प्रणाली ऑक्टोबर २००४ मध्ये आली. तिचे निर्माते २००५ पासून एक आश्चर्य करत असत: पत्ता कळवला की जगात कुठेही सीडी फुकट पोस्टाने पाठवत. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचा रांगता प्रकार. सातशे एमबी उतरवून घेणे हे स्वप्नातही नाही. पण पोस्ट होते. एका विद्यार्थ्याने पत्ता भरला, आम्ही विसरून गेलो, आणि काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचे पाकीट घेऊन आला. त्याला पैसे द्यायचे नाहीत हे त्यालाच खरे वाटेना.

त्या सीडीची खुबी अशी की प्रणाली न बसवताच ती चालवून पाहता येई. सीडी घाला, संगणक सुरू करा, वापरा, सीडी काढा. आतले विंडोज जसेच्या तसे. वर्गातली मुले दोन दिवस नुसती ते घालून-काढून पाहत होती. तिसऱ्या दिवशी एक मुलगी कावरीबावरी होऊन म्हणाली, "सर, इथं रिफ्रेश नाय!"

वाचकांपैकी ज्यांनी त्या काळात सायबर कॅफे पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. संगणक सुरू झाला की मोकळ्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबून तीन-चार वेळा 'रिफ्रेश' करायचे, ही आपल्याकडची जवळजवळ धार्मिक क्रिया होती. त्याने यंत्र ताजेतवाने होते अशी श्रद्धा. प्रत्यक्षात त्याने फक्त पडद्यावरची चित्रे पुन्हा रेखाटली जात. हे मी कितीदा सांगितले असेल. उबुंटूत तो पर्यायच नव्हता, म्हणून श्रद्धा आपोआप सुटली. काहींची. काही जण त्या जागी 'नवे फोल्डर तयार करा' दाबू लागले आणि पडदा रिकाम्या फोल्डरांनी भरून गेला.

बाकीच्या युक्त्या बऱ्याचशा जमल्या. जिथे जमल्या नाहीत तिथे धडा मिळाला. लिनक्सच्या आज्ञा-खिडकीत कंट्रोल-सी म्हणजे नक्कल नव्हे, चालू काम ठार मारणे; नक्कल करायला शिफ्टही दाबावे लागते. मराठी कळफलक चालू असताना काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोलच्या कळा ऐकतच नसत. फाइलच्या नावात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक विंडोज मानत नाही, लिनक्स मानते. त्यामुळे एका शिक्षिकेची 'निकाल' नावाची इंग्रजीत लिहिलेली फाइल तीन वेळा तयार झाली, तीन वेगळ्या गुणांसह. उलट एक गोष्ट विंडोजहून सरस: मजकूर नुसता निवडायचा आणि माउसचे मधले चाक दाबायचे, की तिथे चिकटला. ही युक्ती ज्यांना लागली ते ती विंडोजवरही शोधत बसत.

पण लिनक्सला गावात मान मिळाला तो पेनड्राइव्हमुळे. २००८ नंतरची चारपाच वर्षे विषाणूंची साथ होती. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला की आतले सगळे फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. लोक रडकुंडीला येत. खरे तर विषाणूने फाइली पुसलेल्या नसत, विंडोजच्या खुणेने लपवलेल्या असत. लिनक्स ती खूण पाहतच नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह तिथे लावला की सगळे समोर. माझ्या दुरुस्तीच्या वहीत २०१० च्या एका जून महिन्यात अशा सतरा नोंदी आहेत. दाखले, जातपडताळणीचे कागद, एका मुलाचा बारावीचा प्रकल्प. 'सरांकडं दुसरं विंडोज हाय, त्यात व्हायरस मेलेला असतो' अशी ख्याती पसरली. मी ती दुरुस्त केली नाही.

सांगण्यासारखे आणखी एक. विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण झाकून. ती उघडायला नियंत्रण-पटलात जाऊन एक खूण करावी लागे आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. मूळ सीडी कुणाकडे? त्यामुळे कितीतरी यंत्रांवर मराठीचे चौकोन दिसत राहिले. उबुंटूवर मात्र युनिकोड मराठी पहिल्या दिवसापासून वाचता आली. रेड हॅट कंपनीने खुले केलेले लोहित फाँट, आणि मराठी पडदे तयार करणाऱ्यांचे फुकटचे कष्ट, यांचे ते फळ.

*

२००९ च्या जुलैत वीज कडाडली आणि विंडोज ९८ चे ते जुने यंत्र कायमचे बंद पडले. शब्दयादी सीडीवर होती. नव्या यंत्रावर ती उघडली तर इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची रांगोळी. फाँट-संच बसवावा म्हटले, तर नव्या यंत्राला प्रिंटरची जुनी जोडणीच नव्हती; कुलूप खोचायचे कुठे? विक्रेत्याला विचारले, तो म्हणाला नवी आवृत्ती घ्या, जुन्या फाइली उघडतील याची खात्री देत नाही.

फाँटची नुसती फाइल कुठूनशी मिळाली. ती टाकल्यावर काही शब्द दिसू लागले. दिसू लागले, पण शोधता येईनात, क्रमवारी लावता येईना, कारण यंत्राच्या लेखी ते अजूनही इंग्रजी कचराच होते. मग इंटरनेटवर एक फुकटचे रूपांतर-साधन सापडले, त्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारे. ते हिंदी मजकुरासाठी बनवलेले. हिंदीला आपला 'ळ' फारसा लागत नाही आणि 'शेतकऱ्यां'मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा 'र' तर लागतच नाही. रूपांतर झाले आणि 'ळ' काही ठिकाणी 'ल' झाला, काही ठिकाणी गळाला. पापणीचा 'र' कुठे रफार होऊन पुढच्या अक्षरावर बसला, कुठे पूर्ण 'र' झाला. वेलांट्या आधीच्या अक्षरावर सरकल्या.

सरकारी परिपत्रकात असे झाले तर वाचणारा सुधारून घेतो. 'शेतकर्यांना' असे बिघडलेले हजार वेळा छापून येते, आपण 'शेतकऱ्यांना' वाचतो. पण जो शब्द दुसऱ्या कुठल्याही कोशात नाही, तो बिघडला तर सुधारायचा कशाच्या आधारे? तिथे 'ल' होता की 'ळ', हीच तर नोंद होती. वही नाही. आजी नाहीत. ६१२ पैकी ५२९ शब्द मी आठवणीने आणि ताळा पाहून लावले. ८३ लागले नाहीत.

त्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि देवनागरी लिपीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. मी तो वाचला तेव्हा आनंदही झाला आणि रागही आला. राग अर्थातच स्वतःचा. इस्की मी शब्दयादी टंकित करण्याच्या तेरा वर्षे आधी प्रमाणित झाली होती आणि विंडोज २००० मध्ये युनिकोड मराठीची सोय होती. मला सवयीचा टाइपरायटर सोडवला नाही, इतकेच.

त्यानंतर मी वयाच्या पंचेचाळिशीत इनस्क्रिप्ट शिकलो. पहिला महिना बोटे ऐकत नव्हती. आधी व्यंजन, मग वेलांटी. आधी मेंदू वळवावा लागला. मुलांना मी गावाच्या नावाने शिकवतो. 'जव्हार' म्हणजे पी, बी, डी, यू, ई, जे. 'डी'वर पाय मोडायचा, 'ई'वर काना. 'मोखाडा' म्हणजे सी, ए, शिफ्ट धरून के, ई, मग पीच्या शेजारचा चौकटी कंस, ई. विंडोज असो, उबुंटू असो, या कळा त्याच. अलीकडे तर मराठी-इंग्रजी अदलाबदलीची कळही दोन्हींकडे सारखी झाली आहे: खिडकीचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस. टाइपरायटरवर तयार झालेली माझ्या वयाची माणसे अजून इनस्क्रिप्टला नाके मुरडतात. त्यांचे कष्ट मी जाणतो, तरी माझे मत स्पष्ट आहे: एक महिना सोसावा.

*

२०१४ मध्ये दोन बदल एकदम आले. ८ एप्रिलला एक्सपीचा आधार संपला आणि १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. तेव्हा प्रश्न विचारणारे कचेऱ्यांतले आणि शाळांतले लोक होते. मी सांगितले, चांगली यंत्रे विंडोज ७ वर न्या, दुबळी उबुंटूवर, आणि दोन्हींकडे मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. माझ्या स्वतःच्या कागदांत मी त्या आठवड्यात कंट्रोल-एच दाबून 'ठाणे'च्या जागी एका झटक्यात 'पालघर' घातले. युनिकोडमुळे ते शक्य झाले याचा अभिमान दोन तास टिकला. मग एका पत्रात 'पोलीस पालघर' आढळले.

मध्यंतरी फोन आले. ॲन्ड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, तेव्हा पाड्यापाड्यांवर लिनक्स पोचले असे म्हणता येईल. पण भाषेचे जुने दुखणे तिथेही निघाले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट होते ही एक तक्रार, आणि पोषण ट्रॅकर मराठीत नाही ही दुसरी. ज्या भागात बाळाच्या वजनाचा आकडा चुकणे परवडत नाही, तिथल्या बाईला तो आकडा परक्या भाषेच्या रकान्यात भरायला सांगितला होता.

केरळने शाळांसाठी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी-अॅट-स्कूल योजनेत पुढे सगळे मुक्त प्रणालीवर नेले आणि शिक्षकांना त्यात तयार केले. आपल्याकडेही तुरळक प्रयोग झाले. रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावच्या शाळेत २००७ मध्ये मुलांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले होते. त्यांतही लिनक्सच होते आणि मुलांना ते परके वाटले नाही. वाटणार कसे? त्यांनी त्याआधी दुसरे पाहिलेच नव्हते. परकेपणा हा प्रमाणपत्र घेतलेल्या मोठ्यांचा आजार आहे.

*

तर, सहा संगणक. विंडोज १० ला एका वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली होती, तेव्हा घाबरून लगेच यंत्रे भंगारात काढायची गरज नव्हती. मी आणि माझी विद्यार्थिनी यांनी ठरवले ते असे: चार यंत्रांवर आत्ताच लिनक्स, दोन वर्षभर विंडोजवर, कारण काही परीक्षांचे प्रोग्रॅम अजून तिथेच चालतात. त्याआधी तिने एक काम सुरू केले आहे, ते मला सुचले नव्हते. सहाही यंत्रांवरच्या जुन्या फाँटमधल्या फाइली ती शोधून काढते आहे आणि जुने यंत्र चालू असेपर्यंत त्या छापून घेते आहे. आधी कागद, मग रूपांतर, मग कागदाशी ताडणे. आतापर्यंत तिला एका आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाची नाटुकली, बचत गटाचे आठ वर्षांचे इतिवृत्त आणि कुणाच्या तरी आजोबांनी सांगितलेल्या तारप्याच्या चालींची वर्णने मिळाली आहेत.

माझ्या ८३ शब्दांपैकी ५४ गेल्या काही वर्षांत लागले. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ या बाजूंच्या म्हाताऱ्या माणसांसमोर बसून मी बिघडलेला शब्द दोन-तीन तऱ्हांनी उच्चारतो. बहुतेकदा ती हसतात, कधी कधी एखादी बाई मध्येच थांबवून नीट शब्द सांगते. विद्यार्थिनी सोबत असते आणि फोनवर आवाज टिपून घेते. २९ शब्द राहिले आहेत. भात झोडून झाले, माणसे वीटभट्टीवर जायच्या आधी चार दिवस घरी असतात, तेव्हा पुन्हा जायचे आहे.